मापाला उभ्या बाई

बाईंचा सूर्यास्तावर राग होता.

"सूर्यास्त कशाला काढायचा गो?" त्या म्हणायच्या. "तो तुमच्या सोलापुरातही होतो ना? का तिकडे सूर्य रात्रभर तसाच लटकून राहतो?"

मी त्यांच्या घरी उतरले त्या पहिल्याच संध्याकाळी ही चकमक झाली. एसटीच्या प्रवासानं अंग आंबून गेलं होतं, तरी कॅमेऱ्याची पिशवी आणि तिपाई घेऊन मी समुद्राकडे पळत निघाले होते, कारण उजेड जात होता. बाई घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मला अडवलं नाही. नुसतं म्हणाल्या, "जा, जा. इथे येणारा प्रत्येक माणूस एकदा तो काढून येतो. मग दुसऱ्या दिवशी कामाला लागतो."

मी तेव्हा सोलापुरात एका फोटो स्टुडिओत नोकरीला होते. लग्नं, बारशी आणि पासपोर्टचे फोटो एवढंच काम. पुण्याच्या एका सहल कंपनीला गुहागर तालुक्यावर एक चित्रपुस्तिका काढायची होती. आमच्या मालकांच्या ओळखीतून ते काम आलं आणि लग्नसराई सोडून त्यांना स्वतःला हलता येईना, म्हणून मला पाठवलं. एकटीनं बाहेर जाऊन करायचं ते माझं पहिलं काम. जमलं तर पुढची दारं उघडणार होती, नाही जमलं तर पुन्हा "हनुवटी जरा खाली घ्या" म्हणत पासपोर्टवाल्यांसमोर उभं राहायचं होतं. कंपनीच्या माणसानं फोनवर दोनच गोष्टी बजावल्या होत्या. नेहमीच्या जागा नकोत, आणि फोटोत माणसं नकोत. "निवांत वाटलं पाहिजे बघणाऱ्याला," तो म्हणाला होता.

आणि मी नेमकी बाईंच्या घरी उतरले.

हेदवीच्या अलीकडच्या एका गावात, रस्त्यापासून पाखाडीच्या दगडी पायऱ्यांनी थोडं वर त्यांचं घर होतं. फाटकावर स्वतःच्या वळणदार अक्षरात त्यांनी पाटी लिहिली होती: 'खोली मिळेल. बोलणाऱ्यांना प्राधान्य.' तालुक्यातल्या एका हायस्कुलात त्यांनी जन्मभर गणित शिकवलं होतं. निवृत्त झाल्या, यजमान त्याआधीच गेलेले, मुलगा डोंबिवलीला. घरात बोलायला कोणी उरलं नाही म्हणून त्यांनी खोली भाड्यानं द्यायला काढली होती. समोरच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्याखाली कपाटभर गणिताची पुस्तकं. त्यांचे वडील मुंबईला गोदीत कामाला होते. गावी येताना इतरांच्या बापांनी खाऊ आणला, माझ्या बापानं कंपासपेटी आणली, असं त्या सांगायच्या. "मी रडले होते गो. मला लिमलेटच्या गोळ्या हव्या होत्या. पण मग काय करणार? पेटी उघडली आणि बसले वर्तुळं काढत. ती काढता काढता पेन्शनीत निघाले."

बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, आवाजानं मात्र चांगल्या सहा फुटी. साडी कडक पिन केलेली आणि पायात मुलानं पाठवलेले पांढरेशुभ्र पळायचे बूट.

दुसऱ्या दिवशी सकाळी घावन खाताना मी माझा मोबाइल त्यांच्यापुढे धरला. इंटरनेटवरून मी बघण्यासारख्या जागा शोधून ठेवल्या होत्या. बाईंनी चष्मा वर करून एकेक फोटो बघितला आणि प्रत्येकावर फुली मारल्यासारखी मान हलवली.

"हे सगळे एकाच ठिकाणी उभं राहून काढलेत. गाडी जिथे थांबते तिथे. माणसं उतरतात, काढतात, बसतात. ह्यात बघितलं कोणी?"

"मग कुठून काढायचा?"

"मी पडले तिथून," बाई म्हणाल्या.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. पण नाही. बाईंची स्वतःची जागा शोधण्याची एक पद्धत होती, आणि ती पूर्णपणे त्यांच्या स्कूटीवर अवलंबून होती. निवृत्तीनंतर त्या स्कूटी शिकल्या. शिकताना सगळ्या तालुक्यात जागोजागी पडल्या. आणि पडल्यावर, कोणी उचलायला येईपर्यंत, त्यांनी आजूबाजूला बघितलं.

"माणूस उभा असला की पुढे बघतो. पडला की चहूकडे बघतो," हे त्यांचं म्हणणं होतं, आणि गंमत म्हणजे ते खोटं नव्हतं. धोपाव्याच्या फेरीबोटीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक वळण आहे. तिथे रस्त्यावरून काही म्हणजे काही दिसत नाही, करवंदीची जाळी आडवी येते. बाईंनी मला त्या वळणावर गटाराच्या कडेला चक्क खाली बसवलं. आणि जाळीच्या खालून, एखाद्या खिडकीतून दिसावी तशी, वाशिष्ठीची अख्खी खाडी दिसली. पलीकडे दाभोळची घरं, मशिदीचा घुमट, मधोमध मुंगीसारखी सरकणारी फेरीबोट आणि खाडी जिथे समुद्राला मिळते तिथली पांढरी रेघ. मी बराच वेळ तिथून उठले नाही.

"इथे गुडघा फुटलेला," बाई अभिमानानं म्हणाल्या. "पण वसूल झाला."

त्यांच्या मागे बसून फिरणं हा एक वेगळाच अनुभव होता. गाडी चालवताना त्या प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवायच्या, आणि सरळ रस्ता असला तर प्रत्येक घरासमोर. मी एकदा विचारलं, की बाई, रस्ता तर मोकळा आहे. तर म्हणाल्या, "हॉर्न नाय वाजवला तर रुसतात गो लोक. म्हणतात, बाई न बोलता गेल्या." खरंच, हॉर्न वाजला की कुठून कुठून आवाज यायचे. पोफळीच्या आगरातून, पडवीतून, माडावरून. एकदा माडाच्या शेंड्यावरून एक माणूस ओरडला, "बाई, पोरगी दहावीत गेली!" बाई ब्रेक न दाबता वर बघून ओरडल्या, "मग भूमितीला पाठव माझ्याकडे!" आणि आम्ही एका म्हशीवर आदळता आदळता वाचलो.

पण माझी खरी पंचाईत झाली ती अंजनवेलला, गोपाळगडावर.

जांभ्या दगडाचा तो तट सकाळच्या उन्हात असा पेटल्यासारखा लाल दिसत होता. शेजारी खोल खंदक. मी तिपाई लावली, मनासारखी चौकट बांधली, आणि भिंगातून बघते तर तटाच्या पायथ्याशी बाई. हातात पर्स, दोन्ही पाय जुळवलेले, नजर समोर. राष्ट्रगीताला उभं राहतात तशा.

"बाई, जरा बाजूला व्हाल का?"

"कशाला?"

"फोटोत येताय तुम्ही."

"येणारच. मापाला उभी आहे."

मला कळेना. मग बाई चालत माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी मला शिकवणी दिली. "आकृती काढली की तिच्यात एक तरी माप द्यावं लागतं. नाय दिलं तर गणित सुटत नाय. हा बुरुज केवढा? फोटो बघणाऱ्याला काय कळणार? ढेकळाएवढा असेल, नाय तर डोंगराएवढा. मी पाच फूट एक इंच. मी उभी राहिले की बघणारा करील त्रैराशिक."

मी त्यांना पुण्याच्या माणसाची अट सांगितली. माणसं नकोत, निवांत वाटलं पाहिजे.

बाईंनी क्षणभर विचार केला. "मग दोन काढ. एक त्यांच्यासाठी निवांत. एक गणितासाठी."

त्या दिवसापासून मी प्रत्येक जागेचे दोन फोटो काढले, एक बाईंशिवाय आणि एक बाईंसकट. दाभोळच्या मशिदीच्या पायऱ्यांवर बाई. दीपस्तंभाशी बाई. कातळसड्यावर, जिथे क्षितिजापर्यंत काळ्या दगडाशिवाय काही नाही, तिथे मधोमध पर्स घेतलेल्या बाई.

गडावर आणखी एक अडचण होती. तटावरून बघितलं की मागे वीज प्रकल्पाच्या उंच चिमण्या दिसायच्या. मी त्या टाळण्यासाठी नाना कोन करत होते, गवतात आडवी पडत होते. बाई शांतपणे बघत होत्या.

"काय चुकवतेस?"

"त्या चिमण्या. किल्ल्यामागे बऱ्या नाही दिसत."

"कशाला चुकवतेस? त्याही आहेतच की. माझे विद्यार्थी लागलेत तिथे. किल्ला बांधला तेव्हा तोही नवाच दिसला असणार. तेव्हाही कोण तरी म्हणालं असेल, काय हे मध्येच उभं केलंनी."

चिमण्यांसकटही एक फोटो काढला. तो अजून माझ्या आवडीचा आहे.

इतिहासाशी मात्र बाईंचं अजिबात पटत नसे. "कोण तरी आलं, कोण तरी गेलं, मध्ये भिंत बांधलीनी," हा त्यांचा सगळ्या किल्ल्यांचा इतिहास. पण विचारणाऱ्याला निराश करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आम्ही गडाच्या दरवाजात बसलो होतो तेव्हा पर्यटकांचा एक घोळका आला. बाईंचा आवाज ऐकून त्यांना त्या गाइड वाटल्या. एका काकांनी विचारलं, "इथे कोण राहायचं हो?"

"राजा," बाई म्हणाल्या.

"कुठला?"

बाईंनी दरवाजाकडे वर बघितलं. "उंच होता."

सगळ्यांनी भक्तिभावानं दरवाजाकडे वर बघितलं. त्यातल्या एका तरुणानं मोबाइलवर शोधून त्यांना खरी हकिकत वाचून दाखवली, की हा किल्ला राजवाडा नव्हताच, खाडीवर लक्ष ठेवायला होता. बाईंनी पूर्ण ऐकून घेतली. "बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "पण लक्ष ठेवायलाही उंच माणूसच लागतो ना?" आणि पर्समधून काजूगर काढून त्याच्या हातावर ठेवले.

हेदवीला दशभुज गणपतीच्या देवळात त्या माझ्याबरोबर आत आल्या नाहीत. "तू जाऊन ये. मी चपला राखते." मी बाहेर आले तर माझ्या एकटीच्या नाही, साताठ जणांच्या चपला त्यांनी जोडीजोडीनं, उंचीच्या क्रमानं लावून ठेवल्या होत्या. पुजारी बाहेर येऊन म्हणाले, "बाई, आत या हो, वाऱ्याला बसा." बाई हसल्या. "वारा इथेही तोच आहे. मुलगी काय करते? इंजिनिअरिंगला गेली ना? गणित कच्चं होतं तिचं." पुजारी मान खाली घालून म्हणाले, "आता सुधारलंय, बाई." दोघं मग बराच वेळ त्या मुलीच्या वसतिगृहातल्या जेवणावर बोलत पायरीवर बसले.

माझं काम बहुतेक होत आलं होतं. एकच फोटो राहिला होता, आणि तोच मला पुस्तिकेच्या मुखपृष्ठाला हवा होता. हेदवीच्या किनाऱ्याच्या टोकाला, उमा-महेश्वराच्या छोट्या देवळापलीकडे, खडकात एक अरुंद भेग आहे. बामणघळ म्हणतात. भरतीला लाट त्या भेगेत शिरते, तिला पुढे वाट मिळत नाही, आणि पाण्याचा खांब सरळ आभाळात उडतो. अमावास्येचं उधाण होतं, दुपारी भरती पूर्ण येणार होती. मी बाईंना म्हटलं, चला.

वाटेत त्यांनी हॉर्नही दोनदाच वाजवला.

खडकापाशी पोचल्यावर त्यांनी पळायच्या बुटाच्या टाचेनं मातीत एक रेघ मारली. "ह्याच्या पुढे नाय जायचं. तूही नाय, तुझी तिपाईही नाय."

"आणि तुम्ही मापाला?"

"इथे मापाला कोण नको," त्या म्हणाल्या. "नाव कसं पडलं ह्या जागेचं? कोण तरी बामण आत पडला म्हणून."

मला मनातून बरंच वाटलं, एकदाचा फोटो निवांत मिळणार. मी रेघेच्या अलीकडे तिपाई लावली आणि लाटांचा अंदाज घेत थांबले. पाणी घुमत होतं, खडकाच्या पोटात कोणी ढोल वाजवावा तसं. दोन-तीन खांब उडाले, पण कमरेएवढेच. मोठी लाट यायची होती.

एवढ्यात देवळाकडून एक कुटुंब आलं. नवरा, बायको, लहान मुलगी. बायको आणि मुलगी वरच थांबल्या. नवरा निळा शर्ट घातलेला, चांगला चाळिशीचा. तो मोबाइल हातात घेऊन सरळ खाली उतरला, घळीच्या अगदी काठावर उकिडवा बसला, आणि समुद्राकडे पाठ करून स्वतःचा फोटो घ्यायला लागला. आम्ही ओरडण्याआधीच तो तिथे पोचला होता. मी "ओ दादा, ओ दादा" करत होते, पण माझा आवाज पाण्यात विरून जात होता. त्याच्या मागे समुद्र फुगत येताना मला दिसत होता.

मग बाई उभ्या राहिल्या.

"ए, निळा शर्ट! उठ! बाहेर ये!"

तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. भरलेला वर्ग, वरचा मजला, शेजारची शाळा, सगळं एका वेळी गप्प करणारा आवाज. त्यात विनंती नव्हती, भीतीही नव्हती. आणि तो चाळिशीचा बाप्या, कुठल्या शाळेत शिकला होता देव जाणे, ताडकन उठला आणि म्हणाला, "आलो बाई!"

म्हणाला आणि धावत वर आला. चार ढांगा टाकल्या असतील नसतील, तोच मागे तोफ उडावी तसा आवाज झाला. पाण्याचा खांब माडाएवढा उंच गेला आणि तो बसला होता त्या जागेवर कोसळला. आम्ही सगळे भिजलो. पाणी ओसरलं तेव्हा खडक धुऊन स्वच्छ झाला होता. त्याची निसटलेली एक चप्पल घळीत गरगर फिरत होती. बघता बघता तीही गेली.

त्याच्या बायकोनं आधी त्याच्या दंडावर जोरात फटका मारला आणि मग त्यालाच धरून रडायला लागली. तो पांढराफटक पडला होता. बाईंच्या पाया पडायला वाकला.

"पाया नको पडू," बाई म्हणाल्या. "पोरीला उचलून घे. घाबरली ती."

त्यानं मुलीला उचललं आणि एका चपलेनं लंगडत ते तिघं निघून गेले. जाताना मुलगी त्याच्या खांद्यावरून मागे बघत होती. बाईंनी तिला टाटा केला. ती दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होत्या. 

मग बाई देवळाबाहेरच्या दगडावर बसल्या. मी पाण्याची बाटली दिली, तर त्यांना झाकण उघडेना. मी उघडून दिली.

"मला समुद्राची भीती वाटते गो," बाई म्हणाल्या. "इथे जन्मले, इथे वाढले, पण घोट्याच्या वर कधी पाण्यात नाय गेले. पोरांना सहलीला आणायचे तेव्हा सगळा वेळ हजेरी घेत बसायचे, पुन्हा पुन्हा. त्यांना वाटायचं बाई कडक आहे." त्यांनी ओला पदर पिळला. "आवाजच तेवढा धीट माझा. बाकी मी सगळी भित्री."

 मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. दोघींच्या साड्या-कपड्यांतून पाणी गळत होतं. थोड्या वेळानं त्यांनीच माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, आणि "आलो बाई!" असं दोघी एकदमच म्हणालो. मग जे हसू फुटलं ते आवरेचना. जाणारी-येणारी माणसं बघत होती.

परत येताना स्कूटी मी चालवली. बाई मागे बसून प्रत्येक घरापाशी माझ्या पाठीवर टिचकी मारायच्या, "वाजव. इथे वाजव. ह्यांच्याकडे दोनदा."

मुखपृष्ठासाठी हवा तसा फोटो काही मला मिळाला नाही. पाण्याचा तो खांब रिकाम्या खडकावर उडतानाचा फोटो हुकला, कारण त्या क्षणी मी कॅमेऱ्यातून बघतच नव्हते. बोटानं बटण मात्र दाबलं गेलं होतं, आणि धक्का लागून तिपाई फिरली होती. घरी येऊन बघितलं तर क्षितिज तिरकं झालेलं, कडेला निळ्या शर्टाचा अर्धा माणूस, मागे कोसळणारं पाणी, आणि सगळ्यांच्या पुढे हात उगारलेल्या, तोंड उघडलेल्या बाई. कंपनीला तो पाठवायचा प्रश्नच नव्हता.

पुस्तिकेवर शेवटी धोपाव्याच्या वळणावरची खाडी आली, करवंदीच्या जाळीखालून. लोकांना ती जागा कुठली ते ओळखू येईना, म्हणून ती फार गाजली. पुण्याच्या माणसानं मला पाठोपाठ दुसरं काम दिलं, मग तिसरं. स्टुडिओची नोकरी सुटली ती कायमचीच.

पुढच्या थंडीत मी पुस्तिका आणि एक मोठं पाकीट घेऊन बाईंकडे गेले. त्यांचं सामान बांधून तयार होतं. गुडघ्यांनी स्कूटी बंद केली होती आणि मुलानं डोंबिवलीला न्यायचं ठरवलं होतं. मला वाईट वाटलं, पण बाई खुशीत होत्या. "इमारतीत ऐंशी बिऱ्हाडं आहेत म्हणे. बोलायला माणसंच माणसं."

खळ्यात बसून त्यांनी पुस्तिकेचं पान न् पान बघितलं. कुठेही माणूस नव्हता. "उत्तर बरोबर आलंय," त्या म्हणाल्या, "पण पायऱ्या गाळल्यात." मग गोपाळगडाच्या पानावर थांबल्या, आतून भिंग मागवलं, म्हणजे मीच जाऊन आणलं, आणि आनंदानं ओरडल्या, "ही बघ मी!" तटाच्या पायथ्याशी मोहरीएवढा ठिपका होता. निवांत समजून मी चुकून दुसराच फोटो पाठवला होता, आणि पुण्यात कोणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. "आता सुटेल बघ गणित," बाई म्हणाल्या.

मग मी पाकिटातून बामणघळीचा फोटो काढून त्यांच्या हातात दिला. चांगला मोठा करून आणला होता.

बाई बघतच राहिल्या. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, त्यांना तो दिवस आठवला, त्या आता गहिवरणार.

"शी!" त्या म्हणाल्या. "मी अशी दिसते ओरडताना?"

"हो, बाई."

"आणि पोरं रोज समोर बसायची गो! इतकी वर्षं!" त्यांनी कपाळावर हात मारला. "कोणी काय बोललं नाय मला!"

आणि पोट धरून अशा हसायला लागल्या, की शेजारच्या आगरातून कोणीतरी विचारलं, "बाई, काय झालं हो?" बाईंना बोलता येईना. त्यांनी नुसता तो फोटो दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरला आणि कुंपणाकडे चालायला लागल्या, त्याला दाखवायला.